डावी स्क्रीन, उजवी स्क्रीन

८ एप्रिल, बारामती

शनिवारी शाळा अर्धी. सुटल्यावर सुमन आणि मी सिस्टर मोनिकाच्या फुलांच्या वाफ्यात लव्हाळा काढत बसायचो. शिक्षा होती. कशाची ते आठवत नाही, बहुतेक चॅपेलमध्ये हसल्याची. खुरपं एकच. दहा ती उकरणार, मग दहा मी. सिस्टर मागून यायची आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणायची, "पान नको. गाठ पायजे, गाठ!" लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली की आठवड्यात पुन्हा उगवतो. सुमन गाठी हुंगायची. म्हणायची, लिली, अत्तरासारखा वास येतो बघ. आणि माझ्या नाकाला माती लावायची.

आज कुरिअरनं सुमनचं पुस्तक आलं. 'शिवारातली नावं'. जाड पुठ्ठा, वर नांगरलेल्या रानाचा फोटो, खाली डॉ. लावून तिचं नाव. आत इंदापूर तालुक्यातल्या शेतांची नावं, गावोगावची, गट नंबरासकट, प्रत्येक नावामागच्या हकिगतीसह.

म्हणजे यांचं चाळीस वर्षांचं काम. मोजणीखात्यात होते. साखळी गुंडाळून झाली की बांधावर बसायचे आणि शेतकऱ्याला विचारायचे, "या तुकड्याला म्हणता काय?" अकरा वह्या भरल्या. 'शिवारातली नावं' हे शब्दसुद्धा पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर यांच्या अक्षरात आहेत.

हे गेल्यावर सुमन तेरा दिवस डबा घेऊन आली. चौदाव्या दिवशी म्हणाली, "भाऊजींच्या नावानं पुस्तक करू. मी फक्त हात फिरवते." वह्या दिल्या. मी टाइप केलेल्या फाइलचा पेन ड्राइव्हही दिला. मीच दिला. पिशवीसुद्धा माझी.

प्रस्तावनेच्या शेवटी आभारांची यादी. तेरावं नाव यांचं. 'कै. भगवानराव (मोजणीदार) यांनी काही नावे पुरवली.'

काही नावे. पुरवली.

सोबत निमंत्रण. १४ मे, इंदापूर, वाचनालयाचं सभागृह, लेखिकेचा सत्कार. प्रमुख पाहुणे गोविंदतात्या.

९ एप्रिल

रडून झालं. आता गाठ काढायची.

एकेक नाव शेजारी शेजारी मांडून दाखवणार. वहीचं पान, माझी फाइल, तिचं पुस्तक. वह्या तिच्याकडे आहेत, पण यांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी पानन् पान स्कॅन केलं होतं. हे पलंगावरून सांगायचे, "पान सरळ ठेव, पेन्सिल पुसट येईल." ते सुमनला माहीत नाही.

दुपारभर बसले. स्क्रीनवर वहीचं पान मोठं केलं की फाइल झाकली जाते. फाइल उघडली की वहीत काय वाचलं ते डोक्यातून जातं. मांडीवर पुस्तक. चार तासांत आठ नावं. अशी बाराशेच्या वर आहेत.

मुक्ताला नाशिकला फोन केला. लेक म्हणाली, "आई, दोन मॉनिटर लाव. एकावर वही, एकावर फाइल. माउस इकडून तिकडे जातो." मग, "सुमनमावशीशी बोललीस का?"

बोलायचं काय त्यात.

१० एप्रिल

यांचा जुना चौकोनी मॉनिटर माळ्यावर होता. नणंदबाई खाली शिडी धरून उभ्या. आक्का कळसच्या, यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, आता माझ्याकडेच असतात.

"दोन दोन टीव्ही कशापायी? एकात सासू आन् एकात सून दिसनार हाय का?"

सांगितलं. सुमननं यांचं काम स्वतःच्या नावावर छापलं, ते सिद्ध करायचंय.

आक्कांनी शिडी भिंतीला लावून ठेवली. मग म्हणाल्या, "ती? तुजी साळंतली? गोड बोलायची की गं." आणि मॉनिटर माझ्या हातातून घेऊन पदरानंच पुसायला लागल्या. मागच्या बाजूला यांनी चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे. 'वीज गेल्यास आधी बटण बंद करणे.' पुसताना त्यांनी तेवढी जागा सोडली.

११ एप्रिल

जुन्या मॉनिटरची वायर निळ्या डोक्याची, दोन्हीकडे स्क्रू. सीपीयूच्या मागे वर एक निळी जागा दिसली, तिथं घट्ट बसवली. अंधार. मग काळ्या स्क्रीनवर 'नो सिग्नल' ही अक्षरं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिली. तासभर स्क्रू पिळले.

मुक्ताला व्हिडिओवर सीपीयूची पाठ दाखवली. जावयांनी मागे कधी एक कार्ड बसवलं होतं, ते असलं की वरच्या जागा बंद पडतात म्हणे. दोन्ही मॉनिटर खाली कार्डालाच लावायचे. खाली निळी जागा नाही. मोठ्या मॉनिटरच्या वायरीशेजारी तशीच एक चपटी जागा रिकामी. निळ्याला चपटं करणारा कन्व्हर्टर आणायचा.

१२ एप्रिल

भिगवण रोडच्या दुकानातून कन्व्हर्टर आणला. घरी आले तर वायरीलाही पिना आणि त्यालाही पिनाच. आक्का बघून म्हणाल्या, "दोन जावा समोरासमोर बसवल्यागत झालं ह्ये."

परत उन्हात दुकान. दुकानदार जीभ चावून म्हणाला, "मावशी, उलटा दिला. हा जुन्या कॉम्प्युटरला नवा मॉनिटर जोडायचा. तुमचं नवं कॉम्प्युटर, जुना मॉनिटर." मग, "नवाच घ्या ना. तो डबा कशाला जपताय?"

म्हटलं, त्या डब्यासमोर बसून एका माणसानं नजर घालवली आहे.

त्यानं बदलून दिला.

१४ एप्रिल

लागला! पण दोन्हींवर तेच. तीच फाइल इथं, तीच तिथं. यांचा मॉनिटर रुंदीला कमी, त्यामुळे तीच अक्षरं तिथं अंग चोरून उभी. रागच आला. एकाचं दुसऱ्यानं जसंच्या तसं दाखवायचं, मग दुसरा हवा कशाला.

मुक्ता म्हणाली, विंडोजचं बटण आणि पी एकदम दाब. चार नावं आली. 'डुप्लिकेट'वर खूण होती. 'एक्स्टेंड' दाबलं. यांची स्क्रीन रिकामी झाली, निळी, स्वच्छ.

१५ एप्रिल

माउस उजवीकडे नेला की डावीकडच्या मॉनिटरवर निघतो. डावीकडे नेला की भिंत. चुकून घातलेल्या चपलांसारखं.

सेटिंगमध्ये दोन चौकोन, १ आणि २. 'आयडेंटिफाय' दाबलं की दोन्हींवर मोठाले आकडे. २ चा चौकोन ओढून १ च्या डावीकडे ठेवला. मग खालच्या अंगाला माउस अडायचा, कारण चौकोनांची उंची निराळी. तळ तळाला लावला. आता सरळ जातो.

मुक्तानं विचारलं, बाबांचा डावीकडेच का? पूजेला मी यांच्या उजव्या हाताला बसायची. म्हणून.

१७ एप्रिल

डावीकडे वही, उजवीकडे फाइल, मांडीवर तिचं पुस्तक. आज त्र्याहत्तर नावं. सगळी यांची. वाक्यंसुद्धा. 'बामणाचा मळा'च्या खाली यांनी लिहिलंय, 'सांगताना म्हातारा हसला.' तिच्या पुस्तकात, 'हे सांगताना वृद्ध हसले.' तू कुठं होतीस गं तो हसला तेव्हा? कॉलेजात एअर कूलरसमोर पेपर तपासत होतीस.

प्रत्येक चोरीसमोर लाल खूण. लाल रंग डोळ्यांना बरा वाटतो.

२० एप्रिल

यांचा नियम होता. तीन तोंडं, मग शाई. एकानं नाव सांगितलं की पेन्सिलनं लिहायचं. आणखी दोघांनी, एकमेकांना न विचारता, तेच सांगितलं तर वरून शाई. तिसऱ्या तोंडासाठी सुट्टीच्या दिवशी एसटीनं नरसिंहपूरपर्यंत जाऊन आले आहेत. मी चिडायची. एका बांधाच्या नावासाठी रविवार घालवता.

टाइप करताना पेन्सिलीतल्या नावांपुढे मी फुली दिली होती. साठेक असतील.

सुमनच्या पुस्तकात एकही फुली नाही. सगळी काढली. पेन्सिल आणि शाई एकाच भावात.

आता ती सापडली. चोरी केली यापेक्षा चोरलेलं तिला वाचता आलं नाही, हे लोकांना जास्त हसू आणेल. उद्यापासून फक्त फुल्या बघणार.

२४ एप्रिल

पान २१२.

'मोनिकाचा वाफा. नावामागची हकिगत सांगणारे आता कोणी उरले नाही.'

खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत येऊन वाचलं.

लग्नानंतर यांनी कळसला घरच्या रानाला लागून एक पट्टी घेतली होती. रानाबरोबर नावही द्यायची रीत, पण विकणारा कशावरून तरी रागावला आणि नाव न सांगताच गेला. हे म्हणाले, "मग तूच ठेव." पट्टीत गुडघाभर लव्हाळा. मी म्हटलं, मोनिकाचा वाफा. सिस्टरची सगळी गोष्ट सांगितली, सुमनची, खुरप्याची. हे बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि वहीत लिहिलं. डाव्या स्क्रीनवर आत्ता समोर आहे, पेन्सिलनं: 'मोनिकाचा वाफा. सांगणारी: सौ. एकच तोंड.'

त्याला दुसरं तोंड कधी मिळणारच नव्हतं. जगात ते नाव कळेल असं आणखी एकच माणूस होतं.

सांगणारे कोणी उरले नाही? मी उरले आहे. तू उरली आहेस.

हे तिनं मला चिडवायला लिहिलं, की हाक मारायला? ठरवता येत नाही. म्हणून आणखी राग येतोय.

२ मे

तिचाच फोन.

"लिली! पुस्तक मिळालं ना? येणार ना चौदाला? पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीये."

विचारलं, वह्या कुठं आहेत.

"आहेत गं, सुरक्षित आहेत. माझ्याच कपाटात."

म्हटलं, पुस्तक यांच्या नावानं होणार होतं.

तिकडे पंखा बंद केल्याचा आवाज. मग, "अगं, प्रकाशकच म्हणाला, मोजणीदाराच्या नावावर असं पुस्तक कोण घेणार? अभ्यासाला एक अधिकार लागतो. मी नसते तर ते माळ्यावरच राहिलं असतं, लिली. खरं सांग, तू केलं असतंस?"

पान २१२ बद्दल विचारायचं होतं. नाही विचारलं. तोंड उघडलं असतं तर रडले असते आणि तिनं मला समजावलं असतं, शाळेत समजवायची तशी.

म्हटलं, येते. पहिल्या रांगेतच बसते.

४ मे

मिळालं. ज्याची वाट बघत होते ते मिळालं.

पान ८७. 'सुनेची विहीर. सासरच्यांनी धाकट्या सुनेला या विहिरीत लोटले, तेव्हापासून हे नाव.'

फाइलमध्ये त्याच्यापुढे माझी फुली. डावीकडे वहीत पेन्सिल, सांगणाऱ्याचं नाव आणि जमीन कुणाची तेही. विहीर कळसची, जमीन गोविंदतात्यांच्या वडिलांची. पुस्तकात मालकांची नावं नाहीत, फक्त गाव आणि गट नंबर. सुमननं वह्या नीट उघडल्याच नसणार, फाइलवरूनच भागवलं. तिला माहीतच नाही की प्रमुख पाहुणे म्हणून जे शाल घालणार आहेत, त्यांच्याच घराला तिनं खुनी म्हटलंय.

वाचनालयाला जागा दिलेला माणूस. पंच्याहत्तरी ओलांडलेला. सगळा तालुका ज्यांच्यासमोर उठून उभा राहतो.

मला काहीच करायचं नाही. ते पान फाडायचं, गट नंबराखाली रेघ मारायची आणि तात्यांना पाठवायचं. बाकी सगळं स्टेजवर आपोआप होईल. तिला हार हातात घेऊन उभी राहिलेली बघायचंय.

तीन ओळींची चिठ्ठी लिहिली. शाळेतलं अक्षर, सरळ, एका उंचीचं. सिस्टरनं पूर्ण मार्क दिले असते.

५ मे

पाकिटावर पत्ता घालत होते. आक्का भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, कुणाला धाडतीस? आनंदात होते, वाचून दाखवलं.

त्यांच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"कुनी सांगितलं लोटली म्हनून?"

वहीत आहे. भावकीतल्या एकानं.

"त्येचं आन् तात्याच्या बापाचं बांधावरनं वाकडं व्हतं. ती पोर पाय घसरून पडली. मी तितंच व्हते, धुनं धूत व्हते. शेवाळ व्हतं पायरीला. तात्या तवा न्हानगा, वैनीच्या पदराला धरून आलता पान्याला. त्येच्या हातात पदराचा तुकडा राहिलता." मग माझ्याकडे न बघता, "सत्तर वरसं झाली. त्या म्हाताऱ्याला पुन्ना विहिरीच्या काठाला नेऊन हुबा करनार व्हय?"

मी म्हटलं, मी नाही आक्का, सुमननं छापलंय.

"तिनं छापलं. तू धाडनार."

पाकीट टेबलावरच राहिलं.

६ मे

आणखी एक. सुमनची चोरी सिद्ध करायला वही दाखवावी लागेल. वही दाखवली की विहिरीचं वाक्य यांच्या अक्षरात निघतं. पुस्तक यांचं म्हणायचं तर ते वाक्यही यांचं. तात्या म्हणतील, भगवानरावांनी लिहून ठेवलं होतं तर. ज्यांच्या ओट्यावर हे कितीदा ताक प्यायलेत.

सुमनचं नाव खाली ओढलं की यांचंही त्याच्याबरोबर खाली येतं.

पण यांनी लिहिलं कसं? कुणाचं वाईट या माणसाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

७ मे

सकाळी डाव्या मॉनिटरचा उजेड वाढवला. खालच्या कडेची बटणं जुनी, दोनदा दाबावी लागतात. पूर्ण शंभरावर नेला. पान पांढरंफटक झालं आणि समासात पुसट काहीतरी दिसलं. मोठं केलं.

'एकच तोंड. तेही भावकीचं. छापू नये.'

शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ.

उजवीकडे माझी फाइल. 'सुनेची विहीर', लोटल्याची हकिगत आणि पुढे एक फुली. बाकी काही नाही.

समासातलं मी टाइपच केलं नव्हतं. हे आजारी, मला घाई, पेन्सिल दिसली की फुली मारायची आणि पुढं जायचं. सुमनकडे फाइल गेली ती अशी. तिनं फुली काढली. पण 'छापू नये' हे मी आधीच काढलं होतं.

दोन्ही स्क्रीन बराच वेळ तशाच ठेवल्या. एकीवर यांनी सांभाळलेलं, दुसरीवर मी सांडलेलं.

हे सुमनला सांगणार नाही. मेले तरी.

८ मे

दुपारी स्वयंपाकघरात आक्कांपाशी बसले आणि सांगितलं. यांना त्या आन्ना म्हणतात. फक्त विचारलं, "आन्नानं लिवलं व्हतं ना, छापू नगं म्हनून?" हो म्हटल्यावर डोळे मिटले. "मग बरं."

तात्यांची चिठ्ठी फाडली. राग नाही फाडला, तो आहे तेवढाच आहे. उलट चांगला मुरलाय. मोजणीदार म्हणाली ती. अधिकार लागतो म्हणाली.

बरं. अधिकार कसा मिळवतात ते दाखवू तिला.

१० मे

सूड ठरला. यांच्या पद्धतीचा.

सुमननं तात्यांच्या घरी जायचं. एकटीनं, गाडी लांब ठेवून. चपला ओट्याखाली काढायच्या, ते बस म्हणतील तिथं बसायचं आणि विचारायचं, तात्या, त्या विहिरीला म्हणता काय? मग ते जे सांगतील ते सगळं ऐकायचं. मग पान ८७ स्वतः वाचून दाखवायचं. त्यांच्यासमोर. मग दुसरं तोंड आक्का. तिसरं तिनं शोधायचं, उन्हात हिंडून. साठ फुल्या आहेत. प्रत्येक फुलीला एक ओटा, एक म्हातारा. यांचे रविवार तिनं भरून द्यायचे.

उरलेल्या पुस्तकांतून ते पान निघेल. नवीन छापताना लेखक म्हणून यांचं नाव. वह्या परत.

हार हातात घेऊन उभं राहण्यापेक्षा हे तिला जास्त लागेल. तिला लोकांच्या ओट्यावर बसता येत नाही, कधीच येत नव्हतं. वाफ्यातसुद्धा खाली रुमाल अंथरून बसायची.

आक्कांना सांगितलं. हसल्या. किती दिवसांनी. "आन् चहा कुनी दिलाच तर त्यो प्यावा लागंल म्हनावं. भरपूर साखरंचा."

११ मे

तुलना पूर्ण. बाराशे बारा नावं. प्रिंट काढल्या. विहिरीची ओळ त्यात नाही.

मोनिकाचा वाफाही नाही. ते एक नाव चोरी म्हणून दाखवायला हात धजला नाही. ते चोरी नव्हे बहुतेक. काय आहे ते मला माहीत नाही.

ट्रंकेत खुरपं शोधलं. शाळा सोडताना सिस्टरनं दिलेलं, दांडा आता निम्माच. सुमन तेव्हा रुसली होती की तुलाच का. मी म्हटलं होतं, दोघींचं आहे, माझ्याकडे ठेवायला दिलंय.

१३ मे

उद्या सकाळच्या एसटीनं इंदापूर. आक्का बरोबर येते म्हणतात. "तिसऱ्या तोंडाला बोलवायच्या आदी दुसरं तोंड नको व्हय हजर?"

तिथं काय होईल सांगता येत नाही. मी काय करीन तेही नाही. म्हणून कुणाला काय ते लिहून ठेवते. मुक्तानं वाचून आक्कांना सांगावं.

प्रिंटचे दोन गठ्ठे कपाटात आहेत. एक वाचनालयाच्या कार्यवाहांना, एक प्रकाशकाला. पोस्टाची तिकिटं लावलेली आहेत. वीस तारखेपर्यंत थांबायचं. तोवर मी स्वतः 'नको' म्हटलं नाही तर पोस्टात टाकायचे, मला पुन्हा विचारू नये. मी पाघळेन.

वह्या परत आल्या तर मुक्ताच्या. पेन्सिलीवर शाई फिरवू नको. तिसरं तोंड मिळालं तरच.

दोन्ही मॉनिटर आहेत तिथंच राहू देत. बाबांचा डावीकडे. मागची चिठ्ठी काढू नये. पुढंमागं विकायचं झालं तर मोठा विक, चौकोनी वाचनालयाला दे. आणि वायर देताना कन्व्हर्टर द्यायला विसरू नकोस, त्याच्याशिवाय तो डबाच.

डाव्या स्क्रीनवर एक पान उघडं ठेवलंय आणि उजवीकडे त्याचीच फाइल. ते दोन्ही मुक्ताला. समास बघ. उजेड शंभरावर आहे. चूक कुणाची ते तुला कळेल, आणि ते तू मावशीला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मला जमणार नाही.

पर्समध्ये घडी केलेला कागद आहे. त्यावर फक्त तात्यांच्या घराची वाट, एसटीच्या थांब्यापासून, आणि खाली तो एक प्रश्न, 'त्या विहिरीला म्हणता काय?' तात्यांना पाठवायचं काही नाही.

खुरपं सुमनचं. ते मीच देईन, हार घालायच्या आधी, पहिल्या रांगेतून उठून. तिनं हातात घेऊन विचारलं, लिली, काय काढायचं गं, तर तो कागद तिचा.

नाही विचारलं, तर माइक समोरच आहे.